स्वतःची शिल्लक स्वतः बघता यावी: सोसायटीच्या ॲपच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, टिळकवाडी

बेळगावातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या, म्हणजे सोसायटीच्या, मोबाईल ॲपचं काम आजपासून आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात. ॲप जुनंच आहे. शिल्लक बघणं, पिग्मीचा (रोजच्या छोट्या बचतीचा) भरणा, कर्जाचा हप्ता, ठेवीची पावती एवढं त्यात होतं. शाखा बेळगाव शहरात, खानापूरला, निपाणीला आणि संकेश्वरला. करारात 'नवीन रूप, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा' असं लिहिलेलं. त्यात मी एक ओळ घालायला लावली: दिव्यांग सभासदाला हे ॲप दुसऱ्याच्या मदतीशिवाय वापरता आलं पाहिजे. सेक्रेटरी म्हणाले, "ओळ राहू दे मॅडम, पण खर्चाचं मंडळापुढं मांडा." बैठक ३० तारखेला. तोवर कोण कुठं अडतंय ते जाऊन बघायचं.

४ जून

टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा फोनमधला स्क्रीन रीडर, सुरू केला, स्क्रीन काळी केली आणि नुसतं कानांनी ॲप चालवून बघितलं. पहिल्या पानावर सहा चित्रं. बोट फिरवलं की "अनलेबल्ड, बटन". पुढं सरकलं की परत तेच. शिल्लकेचं कुठलं, हप्त्याचं कुठलं, कळायला मार्ग नाही. स्क्रीन रीडर बटनावरचं चित्र बघून बोलत नाही. कोड लिहिणाऱ्यानं त्या बटनाला जे नाव दिलेलं असतं ते तो वाचतो. एका बटनाला नाव द्यायला कोडमध्ये एक ओळ लागते, बस्स.

पिनच्या पानावर तर सगळंच थांबतं. शेजारच्यानं चोरून बघू नये म्हणून आकडे दर वेळी जागा बदलतात, आणि अख्खा कीपॅड एकच चित्र म्हणून काढलेला आहे. टॉकबॅकच्या लेखी तिथं आकडेच नाहीत. म्हणजे अंध सभासद लॉगिनलाच अडकला. आतली पानं चांगली की वाईट हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

टॉकबॅक अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतो, आयफोनवर व्हॉइसओव्हर असतो, विंडोजसाठी एनव्हीडीए फुकट आहे. वापरणाऱ्यानं त्याच्या बाजूची तयारी कधीच केलेली आहे. आमच्या बाजूची राहिली आहे.

९ जून, खानापूर

बसस्टँडजवळ एका सभासदांचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. पूर्वी तिथं एसटीडी बूथ होता. त्या काळी बूथ देताना दिव्यांगांना प्राधान्य असायचं, तसा त्यांना मिळाला होता. बूथ गेले, जागा राहिली. काका जन्मापासून अंध. फोनवर टॉकबॅकचा वेग इतका ठेवलेला की मला शब्द धरता येईनात. व्हॉट्सॲप, बातम्या, रेल्वेचं तिकीट सगळं स्वतःचं स्वतः करतात. आपलं ॲप तेवढं करता येत नाही.

रोज संध्याकाळी पिग्मीवाला येतो, पैसे घेतो, मशीनमधून चिठ्ठी काढून हातात ठेवतो. चिठ्ठी काका वाचणार कशी? महिन्याच्या शेवटी भाच्याला बोलावतात, फोन त्याच्या हातात देतात, पिन सांगतात, मग तो शिल्लक वाचून दाखवतो.

"भाच्यावर विश्वास आहे ना काका?" मी विचारलं.

"विश्वास हाय ओ. पोरगं चांगलं हाय. पण माझ्या खात्यात किती हाय ते माझ्याआधी त्याला कळतंय. उद्या धाकट्या बहिणीला गुपचूप काय द्यायचं मनात आलं, तर ते बी आधी त्यालाच कळणार. मग माझं म्हणून काय राहिलं?"

हे मी मंडळापुढं जसंच्या तसं वाचणार आहे. पिन कुणालाही सांगू नका असा एसएमएस सोसायटी दर महिन्याला पाठवते. आणि ॲप असं की या माणसाला पिन सांगितल्याशिवाय स्वतःचे पैसे बघता येत नाहीत. कधी खात्यातून रक्कम गेली, तर "तुम्हीच पिन दिलात" म्हणून दोषही त्यांच्याच माथी.

निघता निघता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या एका संस्थेत त्यांची मुदत ठेव होती. तिथलं ॲप उघडलं की सूचना यायची: फोनमधली ॲक्सेसिबिलिटी सेवा बंद करा, मगच पुढं जा. टॉकबॅक बंद केला की काकांना फोनच वापरता येत नाही. मुदत भरल्यावर त्यांनी ठेव काढून आणली. तक्रार केली होती का?

"कुणाकडं करायची? काढली, झालं."

त्या संस्थेच्या दप्तरात 'मुदत संपल्याने ठेव परत' एवढीच नोंद असणार. गिऱ्हाईक का गेलं हे त्यांना कधीच कळणार नाही. धंद्याच्या दृष्टीनं मला हीच बाजू सगळ्यात गंभीर वाटते. अडलेला माणूस भांडायला येत नाही, तो मुकाट दुसरीकडं जातो. मग मालक म्हणतो, आमच्याकडं दिव्यांग गिऱ्हाइकं येतच नाहीत.

११ जून

काकांनी सांगितलेली सूचना आमच्या ॲपमध्येही आहे. सुरक्षेचं जे तयार पॅकेज बसवलंय ते पिनच्या पुढं गेल्यावर कुठलीही ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू दिसली की ॲप बंद करतं. कारण खोटं नाही. फसवणुकीची ॲप्स हीच परवानगी मागून घेतात, मग स्क्रीनवरचं वाचतात आणि माणसाच्या नकळत बटनं दाबतात. लोकांचे पैसे असे गेलेले आहेत.

पण त्यासाठी टॉकबॅकला बाहेर ठेवायची गरज नाही. एखादी सेवा दिव्यांगांसाठीचं साधन म्हणून जाहीर केलेली आहे की नाही हे अँड्रॉइडमध्ये तपासता येतं. अँड्रॉइड १४ पासून तर पिन, शिल्लक असे नाजूक भाग फक्त अशाच साधनांना दिसतील अशी खूण करता येते. प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या अनोळखी सेवा अडवायच्या, टॉकबॅकला वाट द्यायची. पॅकेजवाल्यांना मेल टाकला आहे. उत्तर आलं नाही तर ते पॅकेज काढायचं, हे ठरवून टाकलं.

१६ जून, निपाणी

शाखेत बिडी वळणाऱ्या बऱ्याच बायका सभासद आहेत. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू वळून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. भरणा करताना ॲप बोटाचा ठसा मागतं, पण फोनचा सेन्सर तो घेत नाही. 'पिन वापरा' ही ओळ खाली, बारीक करड्या अक्षरांत. एकीनंही ती बघितलेली नव्हती. या बायका कुठल्याच यादीत दिव्यांग म्हणून येत नाहीत, पण अडचण तीच.

१८ जून, उद्यमबाग

पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताची बोटं गेलेले एक कामगार. डाव्या अंगठ्यानं फोन चालवतात. हप्ता भरताना शेवटी 'उजवीकडे सरकवा' अशी पट्टी आहे. मध्येच अंगठा सुटला की पुन्हा पहिल्यापासून. डब्ल्यूसीएजी २.२ हे संकेतस्थळं दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. त्यात स्पष्ट आहे: ओढून करायच्या कामाला साध्या टॅपचा पर्याय हवा, आणि दाबायची जागा कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेल. अँड्रॉइडची स्वतःची शिफारस ४८ ची. आमच्याकडं 'भरा' आणि 'रद्द करा' एकमेकांना चिकटून बसलेत. पट्टी काढायची, बटनं एकमेकांपासून लांब करायची.

२० जून

मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं आजूबाजूच्या गावांत निवृत्त फौजी भरपूर. त्यांच्या पेन्शनीचा मोठा भाग सोसायट्यांमध्ये ठेव म्हणून येतो. येळ्ळूरकडचे एक हवालदार काका आज शाखेत भेटले. नोकरीत असतानाच कान गेले. रोजचा पेपर वाचतात, व्हॉट्सॲपवर मराठी भराभर लिहितात. ट्रॅक्टरच्या कर्जाचा अर्ज त्यांनी ॲपवरून केला. अर्जाखाली लिहिलेलं, 'आमचा प्रतिनिधी फोन करून खात्री करील'. फोन आला, त्यांना ऐकू येईना, पलीकडच्यानं ठेवून दिला. पुन्हा तसंच झालं. अर्जावर शेरा पडला: संपर्क झाला नाही.

ज्या माणसाची पेन्शन दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जमा होते, त्याच्याइतका खात्रीचा कर्जदार सोसायटीला कुठं मिळणार? कर्ज त्यांनी दुसरीकडून घेतलं.

अर्जात एकच प्रश्न वाढवायचा: तुमच्याशी कसा संपर्क करू? फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप की शाखेत भेट. आणि 'ॲप कसं वापरावं' या व्हिडिओला खाली मजकूर द्यायचा. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते, त्यांना लांबलचक परिच्छेद जड जातात. म्हणून सूचना छोट्या वाक्यांत हव्यात. सांकेतिक भाषेतला व्हिडिओही करायचा आहे, पण या टप्प्यात बसत नाही.

२५ जून

रंग. सोसायटीचा रंग भगवा, आणि त्यावर चेअरमनांचा जीव. भगव्या बटनावर पांढरी अक्षरं आहेत. मोजलं तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, २.१ : १ भरतो. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. त्याच भगव्यावर काळी अक्षरं ठेवली की ९.८ : १. म्हणजे भगव्याला हातही लावायचा नाही, फक्त अक्षरं काळी करायची. गणपत गल्लीत भर दुपारी उन्हात उभं राहून दोन्ही बघितले. पांढरी अक्षरं मला चांगल्या डोळ्यांनीही वाचता आली नाहीत.

३० जून, संचालक मंडळ

सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडं हेच प्रश्न येणार.

पहिला प्रश्न अपेक्षित होता: "असे सभासद आहेतच किती? चार-पाच असतील." सोसायटीच्या अर्जात दिव्यांगत्वाचा रकानाच नाही, त्यामुळं कुणालाच आकडा माहीत नाही. मी जनगणनेचा सांगितला. २०११ मध्ये देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. कर्नाटकात १३ लाखांवर. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ४७ लाख ७९ हजार. देशाचंच प्रमाण धरलं तरी जिल्ह्यात एक लाखावर माणसं होतात. आणि त्या गणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. जागतिक आरोग्य संघटना जगातल्या दर सहा माणसांमागं एक धरते.

दुसरा मुद्दा मी ठेवींचा मांडला. सोसायटीच्या मोठ्या ठेवी कुणाच्या आहेत? निवृत्त शिक्षक, फौजी, जमीन विकलेले म्हातारे शेतकरी. ज्येष्ठांना जास्त व्याज देऊन आपणच त्यांना बोलावतो. मोतीबिंदू, साखरेनं अधू झालेली नजर, थरथरता हात, कमी ऐकू येणं, हे सगळं याच वयात येतं.

मंडळात सगळ्यात वयस्कर जे काका आहेत, त्यांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली होती. त्यांना म्हटलं, तुमची ठेवीची पावती उघडा. उघडली. दीड लाखाची ठेव. मोठ्या अक्षरांत रक्कम चौकटीत मावत नव्हती, शेवटची दोन शून्यं कापली गेलेली. 'व्याज' मधली वरची रेघच दिसत नव्हती, वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीत घुसलेले. देवनागरीला इंग्रजीपेक्षा ओळीची उंची जास्त लागते आणि ॲप इंग्रजी मजकुरावर बेतलेलं होतं. काका फोनकडं बघत राहिले, मग फोन शेजारच्या संचालकांकडं दिला, त्यांनी चेअरमनांकडं. त्यानंतर 'असे किती आहेत' हा प्रश्न कुणी विचारला नाही.

खानापूरच्या काकांचं बोलणं वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात घेतलं.

मग कायदा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. कलम ४६ प्रमाणं सेवा देणारा सरकारी असो की खासगी, सुगम्यतेचे (दिव्यांगांना वापरता येण्याचे) नियम त्याला पाळावे लागतात. कलम ८९ प्रमाणं पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख. संकेतस्थळं आणि ॲपसाठी आपल्याकडं आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रातुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. आणि यंदा ३० एप्रिलला प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवरचा निकाल आला. प्रज्ञा प्रसून ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हटलं जातं, ते त्यांना शक्य नव्हतं. न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले.

एका संचालकांनी रास्त शंका काढली: आपण रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, सहकार खात्याखाली येतो, मग केवायसीचे निर्देश आपल्याला कसे लागू? थेट लागू होत नाहीत, हे मी मान्य केलं. पण कलम ४६ सेवा देणाऱ्या सगळ्यांना आहे. शिवाय दंडाच्या भीतीनं हे करावं असं मला मनापासून वाटत नाही, तेही सांगितलं. सोसायटी सभासदांची असते. सभासदाला स्वतःचं खातं बघता येत नसेल तर त्याच्या सभासदत्वाला काय अर्थ?

मंजूर झालं. अट एक: दिवाळीच्या आत. माझी अटही मान्य झाली: तपासणीला दिव्यांग सभासदच बसतील आणि त्यांना त्याचं मानधन मिळेल. चहा-बिस्किटांवर कुणाचा अर्धा दिवस घ्यायचा नाही.

३ जुलै

शेजारच्या टेबलावर युरोपातल्या एका ऑनलाइन दुकानाचं काम चालतं. युरोपचा सुगम्यता कायदा २८ जूनपासून लागू झाला. अगदी छोटे सेवा व्यावसायिक सोडले तर ऑनलाइन विक्री, बँकिंग, ई-बुकं सगळं त्यात येतं. त्या टीमनं आज आमच्याकडून तपासणीची यादी मागून नेली. बेळगावच्या आयटीवाल्यांना हे काम शिकल्याशिवाय पुढं बाहेरची कामं मिळणं अवघड आहे.

७ जुलै

एक विक्रेता येऊन गेला. म्हणाला, एका ओळीचा कोड टाका, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येईल, संकेतस्थळ आपोआप सुगम्य होईल. नको म्हटलं. ज्या बटनाला नाव नाही ते काय करतं हे वरून लावलेल्या पट्टीला खात्रीनं कळत नाही. उलट स्क्रीन रीडरच्या कामात ती लुडबुड करते अशा अंध वापरकर्त्यांच्याच तक्रारी आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०२५ मध्ये अशाच दाव्यांवरून एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. सेक्रेटरींना हे लेखी कळवलं, कारण तो विक्रेता त्यांच्याकडंही जाणार.

१५ जुलै

पिनचा प्रश्न सुटला. चित्राचा कीपॅड गेला, फोनचा स्वतःचा आकड्यांचा कीबोर्ड आला. शिवाय ठसा आणि चेहऱ्यानं लॉगिन. खानापूरच्या काकांना ठसा बरा, कारण पिन टाकताना टॉकबॅक आकडे मोठ्यानं बोलेल ही धास्ती राहत नाही. निपाणीच्या बायकांना पिनच बरा, कारण ठसा लागत नाही. म्हणून दोन्ही वाटा सारख्याच आकाराच्या बटनांनी, शेजारी शेजारी. ओटीपीचे सहा वेगळे चौकोन काढून एकच रकाना केला आणि तीस सेकंदांची मुदत वाढवली. ऐकून, लक्षात ठेवून, परत मागच्या पानावर येऊन टाकायला वेळ लागतो.

पॅकेजवाल्यांचं उत्तर आलं. टॉकबॅकला वाट देणारी सेटिंग त्यांच्याकडं आधीपासून होती. कुणी मागितली नव्हती.

२२ जुलै

मराठी मजकुराला मराठी आणि कन्नड मजकुराला कन्नड अशी भाषेची खूण लावली. ती नसली की स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो. काही आवाज तर तेवढा भाग गाळूनच पुढं जातात. आमच्याकडं एका ओळीत तिन्ही भाषा येतात: मराठी शब्द, गावाचं नाव कन्नडमध्ये, आकडा इंग्रजी. प्रत्येक तुकड्याला वेगळी खूण लागते.

खात्याच्या उताऱ्यात इंग्रजी 'डीआर' ला आवाज 'डॉक्टर' म्हणत होता. तिथं सरळ 'नावे' आणि 'जमा' लिहिलं. हे सगळ्यांनाच आवडलं.

५ ऑगस्ट, खडेबाजार

सोसायटीची योजनापत्रकं जिथं छापतात त्या प्रेसमध्ये दुपार गेली. मराठी पत्रक श्रीलिपी या टाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड तशाच नुडीत. छापायला उत्तम. पण तोच मजकूर उचलून संकेतस्थळावर टाकला की मागं इंग्रजी चिन्हांची खिचडी उरते. डोळ्याला फॉन्टमुळं मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र कंस, आकडे आणि तुटक इंग्रजी अक्षरं. 'मुदत ठेव' शोधायला जा, सापडत नाही, कारण फाइलमध्ये ते शब्दच नाहीत. म्हणून आजवर पत्रकाचा फोटो काढून तोच टाकायचे. फोटोत तर काहीच वाचता येत नाही.

प्रेसचे मालक समजूतदार आहेत. "मॅडम, युनिकोडात केलं तर जोडाक्षरं तुटतात म्हणून आम्ही जात न्हाई." युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला क्रमांक. जोडाक्षरांचं म्हणाल तर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते खरं होतं. नव्या आवृत्तीत त्यांच्यासमोर एक पान करून दाखवलं: 'श्री', 'क्ष', 'र्‍हास', 'द्व्य' सगळं नीट बसलं. छपाईसाठी हवा तो फॉन्ट वापरा, मजकूर मात्र आम्हाला युनिकोडात द्या, असं ठरलं. व्याजदराचा तक्ता आता फोटो न टाकता खरा तक्ता म्हणून येईल, म्हणजे 'एक वर्ष' वर बोट ठेवलं की त्याच्यासमोरचा दर ऐकू येईल. बेळगावातल्या निम्म्या दुकानांची पत्रकं अशीच फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात. हा बदल प्रेसपासून सुरू झाला तर किती ठिकाणी पोचेल!

२६ ऑगस्ट

उद्यापासून गणपती. नवीन बिल्ड (ॲपची तपासणीसाठीची आवृत्ती) शाखांना पाठवला. अनंत चतुर्दशीपर्यंत काही हलणार नाही.

११ सप्टेंबर, खानापूर

काकांच्या दुकानात नवीन बिल्डची तपासणी. भाचाही होता, त्याला मुद्दाम बाहेरच्या बाकावर बसवलं.

लॉगिन झालं. पहिलं पान त्यांनी एका झटक्यात ऐकलं: शिल्लक, पिग्मी, हप्ता, ठेवी. एका ठिकाणी थांबले. हप्ता भरल्यावर हिरवी पट्टी येते, 'रक्कम जमा झाली'. डोळ्यांना ती दिसते, पण टॉकबॅक काहीच बोलला नाही. काकांना वाटलं दाबलं गेलं नाही, त्यांनी पुन्हा 'भरा' दाबलं. चाचणीचं खातं होतं म्हणून ठीक, खऱ्या खात्यात दुसरा हप्ता गेला असता. आपोआप तपासणाऱ्या साधनांनी हे पान निर्दोष ठरवलं होतं. ते पकडायला रोज कानांनी फोन चालवणारा माणूसच लागतो. तिथंच बसून पट्टीला आपोआप वाचली जाण्याची खूण लावली, आणि तीच रक्कम लगेच दुसऱ्यांदा आली तर ॲपनं विचारावं अशी सोय केली. ती दुसरी सोय डोळस सभासदांनाही उपयोगाची, नेट संथ असलं की सगळेच दोनदा दाबतात.

शेवटी त्यांनी इअरफोन लावला आणि स्वतःच्या खऱ्या खात्यात गेले. शिल्लक ऐकली. मागच्या तीन महिन्यांचा पिग्मीचा भरणा एकेक करून ऐकला. एका तारखेवर थांबून परत ऐकला. मग म्हणाले, "या दिवशीचे पैसे दुसऱ्या दिवशी चढवलेत बगा. पिग्मीवाल्याला इचारतो." किती रक्कम ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

भाच्याला आत बोलावून त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती 'पिन मी बदललाय' ही. पोरगा मनापासून खूश झाला. त्याचाही महिन्याचा एक फेरा वाचला.

२४ सप्टेंबर

काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांची बैठक. अंध सभासद आला की फोन त्याच्या हातून घ्यायचा नाही, विचारून मदत करायची. ऐकू न येणाऱ्यासमोर मास्क काढून, तोंड समोर ठेवून बोलायचं किंवा लिहून दाखवायचं. पिग्मीवाल्यांसाठी एक नियम मंडळानं केला: रक्कम घेतल्या घेतल्या, सभासदासमोरच, एसएमएस गेला पाहिजे. एसएमएसची भाषा सभासद निवडेल.

येळ्ळूरच्या हवालदार काकांना सेक्रेटरींनी स्वतः व्हॉट्सॲप करून बोलावलं. आले, संपर्काच्या रकान्यात 'व्हॉट्सॲप' निवडलं, आणि दोन सूचना लिहून दिल्या. दोन्ही घेतल्या.

१४ ऑक्टोबर

आवृत्ती प्ले स्टोअरवर गेली. दिवाळीच्या आत झालं.

राहिलेलं काम: पासबुकाच्या पीडीएफमध्ये तक्त्याची रचना अजून नीट वाचली जात नाही, त्यावर काम चालू. कन्नड मजकूर संकेश्वर शाखेतल्या एका अल्पदृष्टी सभासदांकडून तपासून घ्यायचा आहे, पुढच्या सोमवारी वेळ दिली आहे. सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओसाठी मंडळाकडं वेगळा खर्च मागितला. सभासद अर्जात दिव्यांगत्वाचा ऐच्छिक रकाना जानेवारीच्या छपाईपासून येईल, मजकूर प्रेसकडं युनिकोडात दिला. आणि यापुढं कुठलीही आवृत्ती बाहेर पडण्याआधी खानापूरला तपासणीसाठी जाईल, मानधनासह, असं करारात घातलं. सेक्रेटरींनी या वेळी 'मंडळापुढं मांडा' म्हटलं नाही, सही केली.